शनिवारचे उंदीर

आमच्या मॅडमना "कशा आहात?" असं विचारायची सोय नव्हती. "कशाच्या तुलनेत?" असं त्या विचारायच्या आणि खरोखरच उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या. नवीन माणूस गडबडून जायचा. आम्ही जुन्यांनी त्यावर उपाय काढला होता. "मॅडम, कालच्यापेक्षा कशा आहात?" मग त्या जरा विचार करून, "गुडघा कालच्यापेक्षा बरा, झोप कालच्याइतकीच," असं सांगून आपल्या टेबलाकडे जायच्या. हे त्या विनोद म्हणून करत नसत. त्यांना विनोद कळायचा, पण करायचा म्हणजे वेळ जातो असं त्यांचं मत होतं.

पनवेलमधल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली प्रोजेक्ट असिस्टंट होते. कॉलेजातून बीएस्सी झाल्यावर बरीच वर्षं घर आणि मुलगा यात गेली. मग नवऱ्याची पाताळगंगेची कंपनी बंद झाली आणि घरात कोणाचा तरी पगार ठरलेल्या तारखेला येणं गरजेचं झालं. माझी नोकरी कंत्राटी होती. प्रोजेक्ट चालू तोवर मी चालू. मॅडम स्वतः रिटायर झालेल्या होत्या आणि मानद म्हणून येत होत्या, म्हणजे त्यांना पगार नव्हता आणि कोणी त्यांना काढूही शकत नव्हतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस किती मोकळा होतो ते मी त्यांच्याकडे बघून शिकले.

पहिला आठवडा त्यांनी मला फक्त पाणी मोजायला लावलं. पिपेटने पाण्याचा थेंब उचलायचा, काट्यावरच्या वाटीत सोडायचा, वजन लिहायचं. पुन्हा उचलायचा. मला वाटलं, माझी परीक्षा चालली आहे, संध्याकाळपर्यंत संपेल. दुसऱ्या दिवशीही पाणीच. चौथ्या दिवशी मी म्हटलं, मॅडम, मी घरी डाळ-तांदूळ मापून घालते, मला मापाची सवय आहे. त्या म्हणाल्या, "डाळ तुझ्यावर चिडत नाही. प्रोटीन चिडतं." आठवड्याच्या शेवटी माझे थेंब एकसारखे पडायला लागले तेव्हा त्यांनी शाबासकी दिली नाही. फक्त पाण्याची बाटली उचलून कपाटात ठेवली.

निकालाबद्दल "छान" हा शब्द आमच्या प्रयोगशाळेत चालत नसे. "असं यायला पाहिजे" हेही चालत नसे. कोणी चुकून बोललं तर त्या त्याला बाहेर पाठवायच्या आणि कॅन्टीनमधून सगळ्यांसाठी चहा आणायला लावायच्या. आकड्यांविषयी त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. एकदा आलेला आकडा ही अफवा असते. दुसऱ्यांदा आला तर बातमी. तिसऱ्यांदा आला तर बसून बोलू. हा हिशेब त्या प्रयोगशाळेपुरता ठेवत नसत. भाजीवालीने वांगी तोलली की तीच वांगी दुसऱ्या पारड्यात घालून परत तोलायला सांगायच्या. गावदेवीच्या बाजूला बसणारी भाजीवाली त्यांना लांबून बघितलं की पारडी पुसून ठेवायची आणि शेजारणीला म्हणायची, "आली बग आपली इन्स्पेक्टर."

मॅडम बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. आडनाव इथल्याच एका गावावरून आलेलं, शेवटी 'कर' असलेलं. माणसं बहुतेक सगळी तिकडे, इस्रायलला, निघून गेलेली. रविवारी बहिणीचा फोन यायचा आणि ती दर वेळी विचारायची, आता कशासाठी राहिली आहेस तिथे? मॅडम म्हणायच्या, फ्रीझर कोण बघणार? शुक्रवारी दुपारनंतर त्यांचं घड्याळाकडे लक्ष असायचं, सूर्य बुडायच्या आत त्या घरी दिव्यापाशी असत. शनिवारी त्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवत नसत. आठवडाभर सेकंदासेकंदाचा हिशेब मागणारी ही बाई शनिवारी घड्याळसुद्धा बघत नाही, हे ऐकून मला आधी खोटं वाटलं होतं. वर्षातून एकदा, त्यांच्या नव्या वर्षाला, त्या गव्हाच्या चिकाचा हलवा आणायच्या. वड्या पट्टी लावून कापलेल्या असत. सगळ्या एका मापाच्या.

आता आम्ही काय मोजत होतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आणि ते मॅडमनी मटणाच्या दुकानात जसं सांगितलं त्यापेक्षा चांगलं मला सांगता येत नाही.

रविवारी सकाळी मॅडम बर्फाचा डबा घेऊन मार्केटात मटणवाल्या चाचांच्या दुकानावर यायच्या आणि बकऱ्याचा भेजा घ्यायच्या. बरोबर मी असायचेच, कारण डबा जड. त्यांना भेजा ताजा हवा असायचा, पण लोकांना हवा असतो तसा नव्हे. त्या विचारायच्या, किती वाजता कापला? चाचा म्हणायचे, अर्धा घंटा पण नाही झाला. मॅडम विचारायच्या, नाही झाला म्हणजे किती कमी?

"मॅडम," चाचा एकदा सुरी ठेवून म्हणाले, "लोक विचारतात, माल ताजा आहे का. तुम्ही तर सरळ मयताचा टाइम विचारता."

शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी कौतुकाने विचारलं की भेज्याला तुम्ही मसाला कोणता घालता. मॅडम म्हणाल्या, खायला नाही, मोजायला नेतोय. त्या बाईंनी आपली पिशवी उचलून पलीकडच्या बाजूला घेतली.

मग चाचांनी विचारलंच की मोजता तरी काय. मॅडमनी समोरच्या सोडा-लेमनच्या गाडीकडे बोट केलं. नसेच्या टोकाला अशाच बाटल्या असतात, म्हणाल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या. निरोप द्यायचा झाला की बाटली फुटते, आतलं औषध पलीकडच्या नसेवर सांडतं. पण दर वेळी नवी बाटली कुठून आणणार? म्हणून नस फुटलेल्या बाटलीची काच गोळा करते आणि तिचीच परत बाटली करते. ही गोळा करणारी जी माणसं आहेत त्यातल्या एकाची आम्ही हजेरी मोजतो. तो कमी पडला तर सोडा भरपूर असून गाडी बंद.

"म्हणजे विसरतो तो माणूस," चाचा म्हणाले, "त्याचा सोडा नाही संपत. बाटल्या संपतात."

"असेलही," मॅडम म्हणाल्या. "अजून बसून बोलण्याइतकं कळलेलं नाही."

त्या हजेरीवाल्याचं नाव ॲम्फिफायसिन. मेंदूचा तुकडा दळून पातळ करायचा, तो छोट्या छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये घालायचा, एकामागून एक द्रव घालत आणि धूत जायचं. शेवटी रंग येतो. आधी निळा, मग आम्ल घातलं की पिवळा. पिवळा जितका गडद तितकं ते प्रोटीन जास्त. मशीन तो रंग मोजून आकडा देतं. मेंदू कोणाचाही मोजायचा असो, बकरा प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यात असायचाच. मॅडमनी बऱ्याच भेज्यांचं मिळून एक मिश्रण करून फ्रीझरमध्ये ठेवलं होतं आणि त्याचा आकडा त्यांना पाठ होता. ज्या दिवशी बकऱ्याचा आकडा चुकेल त्या दिवशीची सगळी प्लेट कचऱ्यात, मग त्यात कोणाचंही काहीही असो. कॉलेजात पोरं मागून त्यांना "बकरा मॅडम" म्हणायची. त्यांना माहीत होतं. त्यांचं म्हणणं, नाव बरोबर आहे, बदलायचं कारण नाही.

मिश्रणासाठी लागायचा त्याहून जास्त भेजा त्या घेत. उरलेल्याचे तुकडे करून एक लगेच गोठवायच्या, एक तासाभराने, एक आणखी उशिरा, आणि मेल्यानंतर ते प्रोटीन कसं कसं कमी होत जातं ते मोजत बसायच्या. हे कोणी सांगितलेलं नव्हतं. कोणत्या प्रोजेक्टात नव्हतं. प्राचार्य त्याला मॅडमचा छंद म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मीही तेच म्हणत होते.

त्या वर्षी आमच्याकडे एका औषध कंपनीचं काम होतं. आयुर्वेदिक काढा, स्मरणशक्तीसाठी. काही पांढऱ्या उंदरांना काढा पाजायचा, काहींना नुसतं पाणी, आणि शेवटी त्यांच्या मेंदूत आमचं प्रोटीन मोजायचं. काढ्याने ते वाढलं तर कंपनी पुढच्या टप्प्याचं काम देणार होती. तो टप्पा आला तर प्रयोगशाळा राहणार आणि माझं कंत्राट पुढे जाणार. नाही आला तर मे महिन्याअखेर दोन्ही बंद. प्राचार्यांनी खोली कशाला वापरायची तेही ठरवून ठेवलं होतं. नवीन विमानतळ झाल्यापासून गल्लोगल्ली विमानतळावरच्या नोकरीचे कोर्स निघाले होते. आमच्या सिंकच्या जागी त्यांना चेक-इन काउंटर बांधायचं होतं. घरी नवऱ्याला अजून काम लागलं नव्हतं आणि मुलाचं खारघरला इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष होतं. म्हणजे काढा लागू पडावा असं मला वाटत होतं. उंदरांपेक्षा मला त्याची जास्त गरज होती.

पहिले अर्धे उंदीर कापायचा दिवस मॅडमनी सोमवार ठरवला होता. कंपनीच्या लोकांना शनिवारीच यायला जमत होतं आणि काम चालू असताना बघायचं होतं. प्राचार्य म्हणाले, मॅडम, तुम्ही नसलात तरी तुमची विद्यार्थिनी आहे की. ही पीएचडीची मुलगी उरणकडची, चिरनेरच्या पुढच्या एका गावातली. हात चांगला, बोलणं कमी, मोठ्या माणसाला नाही म्हणायची सवय नाही. मॅडम म्हणाल्या, सोमवारी करू. प्राचार्य म्हणाले, पाहुण्यांना कळवून झालं आहे. मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी मुलीला बसवून सगळी पद्धत पाठ म्हणायला लावली आणि शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी घरी गेल्या.

शनिवारी माझ्याकडे नाश्ता, जेवण आणि पुष्पगुच्छ ही खाती होती. कॉलेजात पाहुणे आले की बायकांकडे तीच खाती येतात. त्यामुळे प्रयोगशाळेत काय झालं ते मी पाहिलं नाही.

दोन आठवड्यांनी प्लेट झाली. बकरा बरोबर आला. मशीनने आकडे दिले आणि काढावाले उंदीर पाणीवाल्यांपेक्षा चांगलेच वर निघाले. प्राचार्यांना कसं कळलं माहीत नाही, पण तासाभरात पेढे आले. त्या मुलीने पेढा हातात धरून ठेवला होता, खाल्ला नव्हता. मी दोन खाल्ले. घरी फोन करून सांगितलंही.

मॅडमनी पेढ्याचा बॉक्स बाजूला सारला आणि प्लेट उचलून खिडकीशी नेली. मशीनमधून काढलेली प्लेट त्या नेहमी खिडकीशी धरून बघायच्या. बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग मला बोलावलं.

"पाणीवाल्यांची ओळ बघ. डावीकडून उजवीकडे. काय दिसतं?"

मी बघितलं. उंदीर ज्या क्रमाने कापले त्याच क्रमाने ओळीत होते. पहिला खळगा फिका. दुसरा त्याहून जरा गडद. मग आणखी. शेवटचा पाणीवाला तर काढावाल्यांच्या जवळपास पोचला होता. डोळ्यासमोर पिवळ्या रंगाचा जिना होता.

"पाणी पिऊन उंदीर क्रमाक्रमाने हुशार होत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मुलीला हाक मारली. आवाज चढवला नाही. शनिवारी दुपारी काय झालं ते सांग, एवढंच म्हणाल्या. मुलगी एकदम रडायला लागली आणि रडताना तिची शहरातली भाषा गळून पडली.

"मॅडम, माजा काय बी इलाज नव्हता. सरच बोलले, पाव्हण्यांना धूर दाखव."

झालं होतं ते असं. मेंदू काढला की लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचा असतो. तो इतका थंड असतो की वस्तू क्षणात दगड होते, आणि मग तिच्यात काहीही बदलत नाही. सकाळी काढावाले उंदीर तसेच नीट गोठवून झाले. पाहुण्यांना कॅनमधून निघणारा पांढरा धूर फार आवडला. मग प्राचार्यांनी मीच आणलेल्या पुष्पगुच्छातला गुलाब काढून नायट्रोजनमध्ये बुडवायला सांगितला आणि टेबलावर आपटून त्याचा काचेसारखा चुरा करून दाखवला. मग प्रत्येक पाहुण्याला एकेक गुलाब. फोटो, व्हिडिओ. एका साहेबांना दोनदा करायचं होतं. जेवणं झाली, दुपारी पाणीवाले उंदीर कापायला घेतले तेव्हा कॅनचा तळ दिसत होता. तळोज्याहून दुसरा कॅन यायला वेळ लागला. तोवर मुलीने एकेक मेंदू काढून बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवला. एप्रिल महिना, एसी फक्त जेवणाच्या हॉलमध्ये चालू, बर्फाचं पाणी झालं. कॅन आल्यावर सगळे एकदम टाकले. जो आधी कापला तो सगळ्यात जास्त वेळ पडून राहिला. म्हणून तो सगळ्यात फिका.

मॅडमनी कपाटातून आपला बकऱ्याचा आलेख काढला आणि शेजारी ठेवला. उतार तोच होता. काढ्याने काही वाढवलं नव्हतं. पाणीवाल्यांचं मेल्यावर पडून राहून कमी झालं होतं.

मुलीला त्यांनी घरी जायला सांगितलं. ती गेल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, मॅडम, हे बघा, काढ्याने खरंच थोडं वाढलंही असेल. सगळंच त्या ट्रेमुळे कशावरून?

"असेल," त्या म्हणाल्या. "अर्धे उंदीर अजून पिंजऱ्यात आहेत. ते नीट करू. खरं असेल तर दुसऱ्यांदाही येईल."

"आणि नाही आलं तर?"

"तर नाही आलं."

"माझं कंत्राट मेअखेर संपतं."

"मला माहीत आहे."

एवढंच. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पाणी दिलं नाही, बघू काहीतरी होईल असं म्हटलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मला त्यांचा एवढा राग आला होता की रिक्षावाल्याशी मी उगाच भांडले. पगार न घेणाऱ्या माणसाला खरं बोलणं परवडतं, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, मग तू त्यांना तसं सांग. मी सांगितलं नाही. कारण त्यावर त्या "बरोबर आहे" म्हणाल्या असत्या.

उरलेल्या उंदरांच्या दिवशी प्रयोगशाळेला आतून कडी होती. एक काढावाला, एक पाणीवाला, पुन्हा एक काढावाला, असा क्रम. मेंदू बाहेर आला की सरळ नायट्रोजनमध्ये. प्राचार्यांनी बाहेरून दार वाजवलं तेव्हा मॅडम आतून म्हणाल्या, "फुलं संपली, सर." त्यांच्या तोंडून ऐकलेला हा एकमेव विनोद, आणि मी अजूनही खात्रीने सांगू शकत नाही की तो विनोद होता.

मग प्लेटचा दिवस आला. महत्त्वाची प्लेट मॅडम नेहमी स्वतः करायच्या, आम्ही हाताशी. त्या दिवशी मी आले तर माझ्या खुर्चीसमोर पिपेट आणि नळ्या मांडलेल्या. नळ्यांवर मॅडमनी आपल्या मनाने आकडे टाकले होते. कोणती काढ्याची, कोणती पाण्याची, ते त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"आज तू," त्या म्हणाल्या.

मी का म्हणून विचारलं नाही. राग होताच, त्यात विचारायला कमीपणा वाटला. मी हात धुऊन बसले. एकेक थेंब घातला. धुतलं, थांबले, पुन्हा धुतलं. माझी नोकरी त्या खळग्यांत होती आणि कुठल्या खळग्यात होती ते मला कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे एकालाही मला कमी-जास्त प्रेमाने वागवता येत नव्हतं. इतक्या काळजीने मी माझ्या मुलाला पहिली अंघोळही घातली नसेल. शेवटी आम्ल घातलं. निळ्याचा पिवळा झाला.

मॅडम लांब, आपल्या टेबलाशी बसून होत्या. प्लेटकडे बघायला आल्या नाहीत.

"काय दिसतं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

मी प्लेट खिडकीशी धरली. जिना नव्हता. वर-खाली काहीच नव्हतं. सगळीकडे एकच पिवळा, चांगल्या शिजलेल्या वरणासारखा. कोपऱ्यात बकरा आपल्या रंगाचा, जिथे असायचा तिथे.

"सारखं," मी म्हटलं.

"मशीनमध्ये घाल."

मशीननेही तेच सांगितलं. मॅडमनी नळ्यांवरच्या आकड्यांची फोड करून सांगितली. काढावाले आणि पाणीवाले यांच्यात तसूभरही फरक नव्हता.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी मला एकटीला बोलावलं. चहा मागवला, नवऱ्याच्या कामाची चौकशी केली. मग म्हणाले, मॅडमचं वय झालं आहे, त्यांचा आग्रह आपण समजू शकतो. पहिली प्लेट तर व्यवस्थित आहे, बकरासुद्धा बरोबर आहे. दुसऱ्या वेळी हाताळणीत काही गडबड झाली असेल, एवढं तुम्ही लिहून दिलं तर दुसरी बाजूला ठेवता येईल. मॅडम मानद आहेत, त्यांच्या सहीची गरज नाही. सही प्लेट करणाऱ्याची लागते. कंपनी तयार आहे. तुमचं कंत्राट मी आजच पुढे करतो.

मी प्रामाणिकपणाची पुतळी नाही. लाइट बिलात चूक आपल्या फायद्याची असली तर मी ऑफिसात जाऊन रांग लावत नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या मी मुलाच्या फीचा विचार केला आणि लिहून द्यायला माझी हरकत नाही असं मला वाटलंही. तोंड उघडलं तेव्हा मात्र वेगळंच बाहेर आलं.

"सर, ती प्लेट माझ्या हातची आहे," मी म्हटलं. "तिच्यात गडबड नाही."

"असं कोण म्हणतं? फक्त लिहायचं आहे."

"हो. पण लिहायचं माझ्या हाताबद्दल आहे ना. दुसऱ्या कोणी केली असती तर लिहून दिलं असतं."

ते हसले. त्यांना वाटलं मी भाव वाढवते आहे. मग त्यांना कळलं की मी वाढवत नाही, आणि चहा तसाच राहिला. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, आता मी वॉचमनचं काम घेतो. त्याने ते घेतलं. अजून करतो.

मे महिन्याअखेर प्रयोगशाळा बंद झाली. कंपनीने काढा दुसरीकडे तपासायला दिला, तिथे काय आलं ते मला माहीत नाही. त्या मुलीने शेवटी आपला प्रबंध त्या पिवळ्या जिन्यावरच लिहिला: मेल्यानंतर हे प्रोटीन किती वेगाने नाहीसं होतं, बकऱ्यात आणि उंदरात. तिला डिग्री मिळाली. आमच्या सिंकच्या जागी आता मुलं-मुली ब्लेझर घालून एकमेकांना विंडो सीट हवी का विचारतात.

मला पावसाळा संपता संपता कामोठ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम लागलं. पगार कमी, काम जास्त, मालक बरा. पहिल्या दिवशी त्याने मला पिपेट देऊन बघितलं आणि काही न बोलता दुसऱ्या दिवशीपासून यायला सांगितलं.

मॅडम मागच्या महिन्यात तिथे आल्या. सकाळी उपाशीपोटी, हातात पाण्याची बाटली. बहिणीकडे जायचं ठरलं होतं, तिकीट काढलं होतं, तिकडच्या डॉक्टरांना दाखवायला सगळे रिपोर्ट हवे होते. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, बाही वर करायला सांगितली आणि दंडाला पट्टा बांधला. आजूबाजूला कोणी नव्हतं. आता नाही विचारलं तर राहून जाईल असं वाटलं.

"मॅडम, ती प्लेट तुम्ही मला का करायला लावली? मला नंतर ती खोटी म्हणता येऊ नये म्हणून?"

त्या म्हणाल्या, "नाही गं. त्या पोरीला रडू आवरत नव्हतं. आणि माझे हात थरथरायला लागले होते. तू एकटीच शिल्लक होतीस."

मी त्यांचं मनगट उशीवर धरलं होतं. शीर दिसायला वेळ लागला, त्यांच्या वयात लागतो. तेवढा वेळ हात माझ्या हातात होता, बोटं मोकळी, पसरलेली. तो जरासुद्धा हलत नव्हता. सुई आत गेली तेव्हाही नाही.

मी पट्टा सोडला, कापूस ठेवून दाबून धरायला सांगितलं आणि म्हटलं, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल.

"दोनदा लाव," मॅडम म्हणाल्या.

मी दोनदा लावला. दोन्ही वेळा सारखाच आला.